टॉवेलच्या कारखान्यावरचा क्लास

आधी अक्कांचं सांगते, कारण त्या नसत्या तर पुढचं काहीच झालं नसतं. अक्का म्हणजे माझ्या भरतनाट्यमच्या शिक्षिका. सोलापुरात भवानी पेठेत त्यांच्या वडिलांचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. खाली माग चालतात आणि वरच्या लांबट खोलीत अक्का क्लास घेतात. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, आणि पोरी फार दंगा करायला लागल्या की दोन्ही एकदम. माझ्यापेक्षा त्या काही फार मोठ्या नाहीत, पण पहिल्या दिवसापासून मी त्यांना अहोजाहो करते. त्यांनी मला नाच शिकवला, वेळी-अवेळी जेवायला घातलं, आणि बाकीच्या मुलींसमोर मला कधी 'खालची पोरगी' म्हटलं नाही. हे शेवटचं मला सगळ्यांत मोठं वाटतं.

खालची पोरगी मी होतेच. माझी आत्या त्या कारखान्यात टॉवेलच्या कडांना टीप मारायला आहे. मी तिच्या शेजारी बसून दोरे कापायची आणि घड्या घालायची.

मी सातवीनंतर शाळा सोडली. सोडली म्हणजे सुटली. आमचं गाव सांगोल्याच्या पलीकडं, कोरड्या माळाचं. घरात मेंढरं. दिवाळी झाली की आई आणि आबा, म्हणजे माझे वडील, मेंढरं घेऊन चालायला लागतात. पाऊस पडेपर्यंत मुक्काम कधी कऱ्हाडच्या बाजूला, कधी कोल्हापूरच्या, रोज नव्या रानात. गावातली शाळा सातवीपर्यंतच. पुढची शाळा लांब आणि घराला कुलूप. काही दिवस मीही मेंढरांमागं फिरले, मग आईनं मला आत्याकडं आणून सोडलं. म्हणून कुणी 'तुझं घर कुठं' असं विचारलं की मी गावाचं नाव सांगते, पण घर खरं कुठं आहे ते आईचा फोन लागल्यावरच कळतं.

आता वर कशी गेले ते. कारखान्याची इमारत जुनी. वर मुली पाय आपटायला लागल्या की तुळयांमधून माती गळायची, आणि नेमकी धुतलेल्या पांढऱ्या टॉवेलांवर. आत्या वर बघून म्हणायची, "वर हत्ती पाळल्यात काय?" एक दिवस तिनं टीप थांबवली आणि मला म्हणाली, "जा गं, सांग जाऊन. जरा हळू नाचा म्हणावं."

मी घाबरत जिना चढले. मुली रांगेत उभ्या होत्या. समोर अक्का जमिनीवर मांडी घालून बसल्या होत्या. पुढ्यात लाकडाचा ठोकळा, हातात दांडकं. त्यावर ठोकून त्या ताल देत होत्या. तो ठोकळा जुन्या मोडक्या मागाच्या लाकडाचा आहे, हे मला नंतर कळलं.

"आत्यानं सांगितलंय, हळू नाचा. माती पडायलीय," मी म्हटलं.

मुली हसल्या. अक्का हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "हळू म्हणजे कसं? तू दाखव बघू."

"मला नाचाया येत न्हाय."

"नाचू नको. नुसता पाय आपट. खाली किती माती पडते ते आत्याला विचारू."

मी आपटला. मग दुसरा आपटला. खालून आत्याचा आवाज आला, "अगं थांबा की बायांनो, सगळा ढीग गेला!"

मुली आणखी हसल्या. मला वाटलं, आता आपलं खालचंही काम गेलं. पण अक्का माझ्या पायाकडं बघत होत्या. "टाच आणि चवडा एकदम टेकतो हिचा," त्या मुलींना म्हणाल्या. "बघा जरा. तुम्हाला हेच शिकवायला माझं वर्ष जातं." मग मला म्हणाल्या, "उद्यापासून तुझ्या घड्या घालून झाल्या की वर ये."

दुसऱ्या दिवशी अक्कांच्या वडिलांनी कुरकुर करत टॉवेलांच्या वर ताडपत्री बांधली. ती अजून आहे.

आईला हे फोनवर सांगितलं. मागं मेंढरं ओरडत होती. ती म्हणाली, "नाच म्हंजी तसला न्हाय न्हवं?"

"तसला न्हाय गं. देवाधर्माचा असतोय. मोठ्या घरच्या पोरी येत्यात."

"मग तू कशाला?"

तेवढ्यात आबांनी फोन घेतला. आमच्यात गजीनृत्य असतं. ढोलावर पुरुष हातात रुमाल घेऊन नाचतात, आणि आबा त्यात नाचलेले. ते म्हणाले, "आपल्यातबी नाचत्यात की. पर बाप्ये. तू कर, खरं आत्याच्या वळखीला बट्टा लावू नगंस." त्या दिवसापासून एक गोष्ट डोक्यात बसली ती बसलीच. आपण चुकलो तर आपल्या एकटीचं नाही चुकणार.

शिकणं सुरू झालं. गुडघे बाहेर काढून अर्धं बसायचं आणि त्याच बैठकीत पाय मारायचे. ते मला जमलं, कारण काठीला टेकून दिवसदिवस उभं राहायची सवय होती, मांड्या लवकर थकत नव्हत्या. बोलांची, मुद्रांची नावं संस्कृत. वाचून माझ्या डोक्यात राहत नव्हती, म्हणून घड्या घालताना तोंडानं म्हणत बसायची. आत्या म्हणायची, "मंत्र टाकायलीस काय टॉवेलांवर?"

अडलं ते नजरेशी. हातात फूल धरलंय असं दाखवायचं, त्याच्याकडं बघायचं. सगळ्या मुली बघायच्या. माझी नजर फुलाच्या पार पलीकडं जायची. अक्का म्हणाल्या, "तू फूल बघायलीस का पुढच्या गल्लीतलं घर?" मी रडकुंडीला आले. माळावर नजर लांबच लागते. कुठं एखादं मेंढरू फुटलं का, कुठं कुत्रं आलं का, हेच बघायचं असतं. जवळ बघायचं कामच पडत नाही.

अक्कांनी 'माझ्यासारखं कर' म्हटलं नाही. त्या असं कधीच म्हणत नाहीत. त्यांनी विचारलं, "तुझ्या घरी असं काय आहे, जे तू इतक्या जवळ धरतेस?"

मी विचार केला. "कोकरू. नुकतं जन्मलेलं. वाटंत मेंढी व्यायली की ते चालू शकत न्हाय. मग काखंत घेऊन चालायचं."

"मग ते बघ. फूल राहू दे."

मी हाताची मुद्रा तीच ठेवली आणि आत कोकरू बघितलं. ओलं, डोळे मिटलेलं. अक्कांनी दांडकं खाली ठेवलं. म्हणाल्या, "आता हेच उद्याही जमलं पाहिजे." उद्या जमलं नाही. परवा थोडं जमलं.

ही त्यांची रीत आहे. क्लासमध्ये विड्या वळणाऱ्या बायकांच्या मुली येतात. त्यांची बोटं वळत नसली की अक्का विचारतात, "अम्मा दोरा कसा गुंडाळते, दाखव." आणि बोटं वळतात. एका मुलीचे वडील रिक्षा चालवतात. तिला मान डाव्या-उजव्या बाजूला सरकवायची जमेना, तर अक्का म्हणाल्या, "चौकात नान्ना कसं बघतात, तसं." ती मुलगी आधी हसत सुटली, मग मान बरोबर सरकली. पुण्याला राहून शिकून आलेल्या शिक्षिकेनं असं शिकवावं का, असं काही पालकांना वाटतं. अक्कांना त्याचं काही वाटत नाही.

एक गोष्ट मला फार उशिरा लक्षात आली. भिंतीवर अक्कांचा पूर्ण पोशाखातला फोटो आहे, एक पाय उचललेला. पण मी त्यांना पूर्ण नाच करताना कधी पाहिलं नव्हतं. त्या बसलेल्याच असायच्या. हात करून दाखवायच्या, फार तर उठून दोन पावलं टाकायच्या आणि परत बसायच्या ठोकायला. मला वाटायचं, शिक्षक असेच असतात.

मग अक्कांना दिवस गेले. माहेर आणि क्लास एकाच इमारतीत, त्यामुळे त्या येत होत्या. पण पुढं त्रास व्हायला लागला आणि डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलं. मोठ्या मुलींचा क्लास बंद ठेवला. लहान मुलींचा ठेवता येत नव्हता, कारण त्यांचा पहिला कार्यक्रम ठरला होता. एका महिला मंडळाच्या समारंभात अलारिप्पू करायचं होतं. अलारिप्पू ही अगदी सुरुवातीची रचना. त्यात गाणं नसतं, नुसते बोल आणि ताल. बाजूला बसून कुणीतरी झांजा वाजवत बोल म्हणायचे असतात.

अक्कांनी मला बोलावलं. "तू बस."

"अक्का, रेकॉर्ड लावली तर?"

"रेकॉर्ड थांबत नाही. मुलगी अडली तर तुला थांबता आलं पाहिजे."

पालकांना त्यांनी खाटेजवळच बोलावून सांगितलं. एका मुलीची आई शाळेत शिक्षिका आहे. तिनं विचारलं, "हिचं शिक्षण किती झालंय?"

मी जमिनीकडं बघितलं. अक्का म्हणाल्या, "सातवी. आणि नाचाचं माझ्याकडचं सगळं."

"नाही, विचारलं आपलं," त्या बाई म्हणाल्या. "कार्यक्रम बघू, मग पुढचं ठरवू. चौकात तो दुसरा क्लासही निघालाय, फिल्मी गाण्यांचा."

म्हणजे गोष्ट साधी होती. कार्यक्रम नीट झाला तर मुली राहणार, आणि अक्का परत येईपर्यंत क्लास माझ्या हातात चालणार. नाही झाला तर मुली जाणार, वरची खोली बंद होणार, आणि मी खाली टॉवेलांजवळ. मी ताट समोर ठेवून मांडीवर ताल ठोकत बसायची. आत्या म्हणायची, "खा की. उपाशी बसून ताल लागतोय व्हय?"

सराव मात्र इतका छान होत होता की मला त्याचीच भीती वाटायला लागली. मी ठोकायची, मुलींचे पाय एकदम पडायचे. समोरचा दात पडलेली सगळ्यांत बारकी मुलगीसुद्धा चुकत नव्हती.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सभागृहात रंगीत तालीम होती. मोठा पडदा, खाली गालिचा, खुर्च्या रिकाम्या. मी झांजा धरल्या, पहिला बोल म्हटला. थोडा वेळ ठीक चाललं. मग एक मुलगी पुढं पळाली, तिच्यामागं दुसरी, बारकी मागंच राहिली. मी जोरात वाजवायला लागले तशा त्या आणखीच फुटल्या. शेवट ज्याचा त्याचा वेगळा झाला. पुन्हा केलं. पुन्हा तेच. खुर्चीत बसलेल्या शिक्षिका बाई म्हणाल्या, "नाच आहे का पळापळ?" आणि पर्स उचलून बाहेर गेल्या.

मी तिथून सरळ अक्कांकडं आले. क्लासपलीकडच्या खोलीत त्या डाव्या कुशीवर झोपल्या होत्या.

"सगळं चुकलं," मी म्हटलं.

"सगळं कधीच चुकत नसतं. आधी कोण पळालं?"

मी आठवून बघितलं. "मीच. माझाच हात पळाला."

"इथं पळत नव्हता?"

"न्हाय."

"मग तिथं का?"

तेवढ्यात खाली जेवणाची सुट्टी झाली. माग एकेक करत बंद पडले. जिन्याजवळचा जुना माग सगळ्यांत जोरात वाजतो, तो शेवटी थांबला. खोली एकदम मोकळी झाल्यासारखी वाटली. आम्ही दोघींनी एकमेकींकडं बघितलं.

"अय्यो," अक्का म्हणाल्या.

मुली माझ्या ठोक्यावर नाचतच नव्हत्या. त्या जिन्याजवळच्या मागावर नाचत होत्या. आणि मीही त्याच मागावर ठोकत होते. सभागृहात माग नव्हता.

अक्का इतक्या हसल्या की स्वयंपाकघरातून त्यांच्या आई ओरडल्या, "अगं पोटात बाळ आहे, जरा बेतानं!" अक्का डोळे पुसत म्हणाल्या, "मी पाळण्यात होते तेव्हापासून हा आवाज आहे. आमच्या घरात तो कुणालाच ऐकू येत नाही. बंद पडला तरच कळतं."

"पण तुमी बसायचा तेव्हा असं होत नव्हतं."

"तेव्हा त्या माझ्याकडं बघायच्या. तुझ्याकडं अजून बघत नाहीत." हे त्या अगदी साध्या आवाजात म्हणाल्या. मला लागलं, पण खरं होतं.

"मग आता काय करू?"

"मला काय विचारतेस? तुमच्यात एवढी मेंढरं रस्त्यानं नेतात. त्यांना ठोका कोण देतं?"

"कुणीच न्हाय."

"मग एका चालीनं कशी चालतात?"

मी सांगितलं. आबा पुढं असतात, पण मागं बघत चालतात. कळपात एखादी लंगडती असते, एखादी व्यायला झालेली असते. जी सगळ्यांत मागं असते तिला जेवढं जमेल तेवढंच पुढचं पाऊल. पुढच्यांना हाकलून कळप चालत नाही, फुटतो.

अक्कांनी उशी सरळ केली आणि म्हणाल्या, "मला झोप आलीय. जा तू."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, चेहरे रंगवलेल्या, पोशाख घातलेल्या मुलींना घेऊन मी सभागृहामागच्या मोकळ्या जागेत गेले. ठोकळा नाही, झांजा नाही. बारकीला मधे घेतलं आणि नुसतं चालायला लावलं. मी पुढं, उलटं चालत, नजर बारकीच्या पायांवर. बोलायचं नाही, फक्त एकमेकींच्या घुंगरांकडं कान द्यायचा.

"ताई, आपण नाचायला आलोय का फिरायला?" एकीनं विचारलं.

"गप चाल."

"माझी बिंदी पडली."

"पडू दे. चाल."

आधी छमछम सगळीकडून येत होती. गोल फिरता फिरता ती एका जागी यायला लागली. मग मी चालता चालता बोल म्हणायला सुरुवात केली, बारकीला झेपेल त्या गतीनं. अक्कांच्या गतीपेक्षा ती पुष्कळ संथ होती. मला धाकधूक होती की लोक म्हणतील, ही कसली रडकी चाल. पण दुसरं काही माझ्याजवळ नव्हतं.

पडदा उघडला. मी बाजूला बसले होते. झांजांची दोरी घामानं ओली झाली होती. मी प्रेक्षकांकडं बघितलं नाही, फक्त बारकीकडं बघितलं. मुली एका चालीनं सुरू झाल्या. अर्धं झालं असेल आणि बारकीच्या एका पायाचा घुंगरांचा पट्टा सुटला. ती थांबली. खाली वाकली. मी हात थांबवला. शेवटचा बोल लांबवून धरला. बाकीच्या मुली अर्ध्या बैठकीत तशाच राहिल्या, त्यांच्या मांड्या थरथरत होत्या, पण एकही पळाली नाही. सगळ्या माझ्याकडं बघत होत्या. बारकीनं पट्टा कसाबसा खोचला, उभी राहिली, दात पडलेल्या तोंडानं माझ्याकडं बघून हसली. मी पुढचा बोल म्हटला.

टाळ्या पडल्या, लहान मुलांना पडतात तितक्या. फार कौतुक कुणी केलं नाही. शिक्षिका बाई मुलीच्या तोंडावरचा रंग पुसत माझ्याजवळ आल्या. मी उभी राहिले. त्या म्हणाल्या, "सोमवारी क्लास नेहमीच्याच वेळेला ना?"

"व्हय," मी म्हटलं. मग घाईनं म्हटलं, "हो, हो. नेहमीच्याच."

अक्का आल्या होत्या. डॉक्टरांना न विचारता, वडिलांच्या मागं लागून, रिक्षानं. मागच्या खुर्चीवर बसल्या होत्या. मी त्यांच्याकडं गेले तेव्हा मंचावर कुणाचा तरी दुसरा नाच सुरू होता, रेकॉर्डवर. साडीखाली अक्कांचे पाय हलत होते. टाच, चवडा, टाच. त्यांचं स्वतःचंही तिकडं लक्ष नव्हतं.

रिक्षातून परत येताना मी विचारलं, "अक्का, तुमी का नाचत न्हाय? पूर्ण, पोशाख घालून?"

"मग ठोकायला कोण बसणार?" त्या म्हणाल्या. "बोल म्हणत ताल धरणारं माणूस इथं दुसरं नाही. पुण्याहून आणायचं म्हणजे सराव कधी करायचा त्यांच्याबरोबर? जो बसतो त्याला उठता येत नाही." हे सांगताना त्यांना वाईट वाटत होतं असं नाही. बाहेर बघत होत्या, कोणती गल्ली आली ते.

आता त्यांची मुलगी रांगते. तिला मागाचा आवाज ऐकू येत नाही, तसा आमचा ठोकाही येत नसावा, ठोकळ्याशेजारी खुशाल झोपते. अक्का मोठ्यांचा क्लास घेतात, लहान मुली माझ्याकडं आहेत. जेवणाच्या सुट्टीत, माग थांबले की, मी त्यांना रोज थोडा वेळ वर बोलावते आणि नुसतं चालायला लावते. पालकांना ते अजून विचित्र वाटतं. आईला मी फोनवर सांगितलं की मी आता शिकवते. ती म्हणाली, "कुणाला?" मी म्हटलं, "बारक्या पोरींस्नी." ती म्हणाली, "मारू नगंस त्यास्नी." एवढंच.

रात्री अंग टेकलं की मला अजून भीती वाटते, उद्या कुणी येऊन म्हणेल, तू सातवीवाली, ऊठ इथून. पण त्याहून मोठं एक काम माझ्या डोक्यात आहे. अलारिप्पू धरणं सोपं. वर्णम नावाची एक मोठी रचना असते. तिच्यात नाचणारीची आणि ताल धरणारीचीही पुरती परीक्षा होते. भिंतीवरच्या फोटोतला पाय अक्कांनी तिच्यातच उचललेला आहे. तिचे बोल मी घड्या घालताना पाठ करायला घेतलेत. माझा हात अजून पळतो. पळायचा थांबेल तेव्हा थांबेल, घाई करून उपयोग नाही.

पण अक्का, हे लिहून ठेवते. एक दिवस त्या सभागृहात बाजूला झांजा घेऊन मी बसेन आणि मधे तुम्ही उभ्या राहाल, पूर्ण पोशाखात, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मेंढरं त्या दिवशी कुणाच्या तरी हवाली करून आई-आबा पुढच्या रांगेत असतील, आत्याही असेल. तुम्ही अडलात तर मी थांबेन. तुम्ही चालाल तेवढंच चालेन. तेवढं झाल्याशिवाय मी ठोकळ्यापुढून उठायची नाही.